पालीचे दप्तर आणि फेरफाराची शिस्त

बीड शहराच्या दक्षिणेला, धुळे–सोलापूर महामार्गावर आणि बिंदुसरा नदीच्या जलाशयाजवळ असलेले पाली हे बीड तालुक्यातील गाव आहे. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणेच या गावच्या जमिनीची नोंद गेल्या दीडशे वर्षांत हैदराबाद, मुंबई आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या अमलाखालून गेली असून, तिने फारसी वळणाची उर्दू, मोडी आणि देवनागरी या लिप्या, दोन चलने, दोन कालगणना आणि क्षेत्रमोजणीच्या दोन पद्धती पाहिल्या आहेत. आज ती सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये, म्हणजे परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांच्या संगणकीय साठ्यात, राहते आणि वेबच्या पडद्यावर दिसते. वेब आणि डेटाबेसवर चालणाऱ्या प्रणाली बांधणाऱ्या विकासकाला, म्हणजे संगणकप्रणाली लिहिणाऱ्या अभियंत्याला, ज्या अडचणी आपल्या काळाच्या वाटतात, त्यांतील बहुतेक अडचणी या दप्तराने कागदावर असतानाच अनुभवल्या होत्या आणि काहींवर पक्के उपायही शोधले होते. नोंद बिघडते ती रोजच्या वापरात क्वचित. एका वहीतून दुसऱ्या वहीत, एका लिपीतून दुसऱ्या लिपीत किंवा एका राजवटीच्या नमुन्यातून दुसरीच्या नमुन्यात उतरवताना मात्र ती हमखास बिघडते, असे या इतिहासाचे एकूण निरीक्षण सांगते.

या प्रदेशात जमीन मोजून आणि तिची प्रत पाहून धारा ठरवण्याची पद्धत सतराव्या शतकाच्या आरंभी अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार पाहणाऱ्या मलिक अंबरच्या नावाशी जोडली जाते. पुढे हैदराबादच्या आसफजाही राज्यात पहिल्या सालारजंगाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिल्ह्यांची रचना करून महसुलाचा कारभार नव्याने बसवला आणि शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर सर्वेक्षण सुरू झाले. त्या धर्तीचा पाया गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या जमाबंदीत होता. जमिनीच्या प्रत्येक मोजलेल्या तुकड्याला क्रमांक द्यायचा, त्या क्रमांकाचे क्षेत्र आणि आकार, म्हणजे सरकारी सारा, ठरवायचा आणि ही यादी गावाच्या आकारबंदात कायम करायची, अशी ती पद्धत होती. हैदराबादचा जमीन महसूल कायदा फसली या महसुली कालगणनेच्या १३१७ साली, म्हणजे १९०७-०८ च्या सुमारास आला, तर हक्कनोंदणीचा विनियम १३५८ फसलीत, म्हणजे १९४८-४९ मध्ये, लागू झाला. जहागिरी संपल्यावर आणि १९५० चा हैदराबाद कूळकायदा आल्यावर जमिनीचा मालक कोण, कसणारा कोण आणि संरक्षित कूळ कोण हे नव्याने लिहिणे भाग पडले, व त्यातून १९५४-५५ चे खासरा पत्रक तयार झाले; मराठवाड्यातील जमिनीचे वाद आजही अनेकदा त्या पत्रकापर्यंत मागे जातात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात राहिला, आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आल्यावर पालीच्या तलाठ्याच्या कपाटात तेच गाव नमुने आले, जे कोकणातील किंवा खानदेशातील तलाठ्याकडे होते.

गाव नमुना म्हणजे गावपातळीवरील नोंदींचा ठरवून दिलेला तक्ता. अँडरसन या अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यासाठी महसुली हिशेबांची जी पुस्तिका रचली, तिच्यातून हे नमुने रुळले. नमुना सातमध्ये जमिनीचा क्रमांक, क्षेत्र, भोगवटादार आणि इतर हक्क येतात. नमुना बारामध्ये हंगामवार पिके येतात. दोन्ही एका कागदावर छापल्यामुळे त्या कागदाला सातबारा हे नाव पडले. नमुना आठ-अ मध्ये तीच जमीन खातेदाराच्या बाजूने मांडलेली असते, म्हणजे एका व्यक्तीच्या नावे गावात कुठेकुठे किती क्षेत्र आहे ते एकत्र दिसते. नमुना सहा ही फेरफार नोंदवही; सहा-अ ही विवादग्रस्त प्रकरणांची, तर सहा-क ही वारसांची नोंदवही. या रचनेत एका गोष्टीला एकच जागा देण्याची जी ओढ दिसते, तिलाच एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानात, म्हणजे माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत ठेवण्याच्या सिद्धान्तात, शास्त्रीय रूप मिळाले. मात्र कागदाची एक मर्यादा होती: आठ-अ हा वस्तुतः सर्व सातबारांतून काढता येणारा उतारा असूनही तलाठ्याला तो वेगळा लिहून ठेवावा लागे, आणि त्यामुळे दोन्हींचा मेळ न बसण्याची शक्यता कायम राही. संगणकावर ही मर्यादा उरत नाही. जे मूळ नोंदीतून काढता येते ते साठवू नये, मागताक्षणी काढून दाखवावे. वेगासाठी साठवावेच लागले तर ते उतारा आहे, मूळ नव्हे, हे तक्त्याच्या रचनेतच स्पष्ट असावे आणि मुळावरून तो केव्हाही पुन्हा बांधता यावा.

या दप्तरातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे फेरफाराची प्रक्रिया, आणि तिच्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. एखाद्या पालीकराने जमीन विकली, किंवा तो वारला आणि त्याच्या जागी वारस आले, तर तलाठी सातबारावरील नाव थेट बदलत नाही. संहितेच्या कलम १५० प्रमाणे तो आधी नमुना सहामध्ये क्रमवार नोंद घेतो. काय बदलले, कोणत्या आधारावर बदलले, कोणत्या भूमापन क्रमांकाला ते लागू होते, हे तिथे लिहितो. त्या नोंदीची प्रत चावडीवर लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आली तर ती विवादग्रस्त वहीत जाते आणि तिचा निर्णय होतो. हरकत नसेल, किंवा तिचा निकाल लागला असेल, तर मंडळ अधिकारी किंवा त्याहून वरचा अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोंद प्रमाणित होईपर्यंत ती अधिकार अभिलेखात, म्हणजे हक्कांच्या पक्क्या नोंदीत, कायम करायची नाही, असा नियम आहे. व्यवहारात तलाठी मधल्या काळात सातबारावर पेन्सिलीने नोंद ठेवत आणि प्रमाणित झाल्यावर ती शाईने पक्की करत. जुने नाव खोडून नाहीसे केले जात नसे. त्याला कंस घातला जाई, आणि नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक लिहिला जाई, म्हणजे सातबारा पाहणाऱ्याला त्या क्रमांकावरून नमुना सहाकडे आणि तिथून मूळ दस्तापर्यंत जाता येई.

डेटाबेसशास्त्रात याच शिस्तीला ट्रान्झॅक्शन म्हणतात: अनेक बदलांचा असा गट, की जो पूर्ण तरी लागू होतो किंवा मुळीच होत नाही, आणि अर्धवट अवस्थेत दुसऱ्या कोणाला पक्का म्हणून दिसत नाही. जिम ग्रे या संशोधकाने १९८१ मध्ये ही संकल्पना मांडताना जुन्या हिशेबनिसांच्या रिवाजाचा आधार घेतला होता. चुकीची नोंद खोडायची नाही, तिची दुरुस्ती करणारी नवी नोंद करायची, हा तो रिवाज. म्हणूनच विकासकाने मालकीसारख्या महत्त्वाच्या माहितीवर प्रणालीतून थेट बदल चालवू देऊ नये. आधी बदलाची नोंद एका अशा तक्त्यात जावी ज्यात फक्त भर पडते, काही पुसले जात नाही. त्या नोंदीला क्रमांक, करणारा, वेळ आणि आधार असावा. आणि चालू स्थिती दाखवणाऱ्या तक्त्यातील प्रत्येक ओळीवर ती ज्या नोंदीने घडली तिचा क्रमांक असावा. सातबारावरील वर्तुळातला क्रमांक हेच काम करत होता. ज्या प्रणालीत हा क्रमांक नाही तिच्यात एखादे नाव कसे आले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि जमिनीच्या बाबतीत हे न सांगता येणे म्हणजे एखाद्या कुटुंबाची अनेक वर्षे कोर्टात जाणे होय.

याच प्रक्रियेत आणखी एक गुण दडलेला होता, तो कोणी मुद्दाम आखलेला नव्हता. गावाची नमुना सहाची वही एकच असल्यामुळे एका वेळी एकच हात तिच्यात लिहू शके, आणि दोन फेरफारांचा क्रम आपोआप ठरे. वेबवर एकाच भूमापन क्रमांकाचा पडदा दोन कर्मचारी एकाच क्षणी उघडू शकतात, दोघांना जुनी स्थिती दिसते, आणि दुसऱ्याने जतन केलेला बदल पहिल्याचा बदल नकळत गिळून टाकतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक ओळीसोबत आवृत्तीचा क्रमांक ठेवावा आणि जतन करताना तो पूर्वीचाच आहे की नाही हे डेटाबेसनेच तपासावे; बदललेला असेल तर कर्मचाऱ्याला नवी स्थिती दाखवून पुन्हा निर्णय घेऊ द्यावा. ही तपासणी पडद्यावरच्या कोडवर सोडली तर ती टिकत नाही, कारण पडदे बदलतात, नवे पडदे येतात, आणि डेटाबेस मात्र तोच राहतो.

संहितेचे कलम १५५ लेखनप्रमादाच्या, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकांच्या, दुरुस्तीसाठी आहे. प्रत्येक मोठ्या प्रणालीत असा एक दरवाजा असतोच, कारण चुका होतात आणि त्या दुरुस्त कराव्याच लागतात. परंतु लेखनप्रमादाच्या नावाखाली हक्कच बदलता येऊ लागला, तर आधीची सारी फेरफाराची शिस्त निरर्थक ठरते. विकासकांमध्ये प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर थेट आज्ञा चालवून माहिती सुधारण्याची जी सवय आढळते, ती याच जातीची आहे. दुरुस्तीचा मार्ग हवा, पण त्याची नोंद इतर नोंदींहून अधिक काटेकोर हवी: जुना मजकूर, नवा मजकूर, आदेश आणि दोन वेगळ्या व्यक्तींची मंजुरी.

नोंदीच्या ओळखीचा प्रश्न पालीच्या नावातच उभा राहतो. महाराष्ट्रात पाली नावाची गावे अनेक आहेत. रायगड जिल्ह्यातील बल्लाळेश्वराचे पाली आणि सातारा जिल्ह्यातील खंडोबाचे पाली ही त्यांतील विशेष प्रसिद्ध. बीड तालुक्यातील पाली शोधायचे तर नाव पुरत नाही, जिल्हा आणि तालुकाही सांगावा लागतो. पण जिल्हे आणि तालुके नव्याने पाडले जातात, नावे बदलतात. खुद्द लगतच्या औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अलीकडे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली. म्हणून डेटाबेसमध्ये प्रायमरी की, म्हणजे ओळ ओळखणारी कायमची खूण, अर्थशून्य असावी. तिच्यात नाव, तालुका किंवा वर्ष गुंफू नये. केंद्र सरकारच्या स्थानिक प्रशासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला दिलेला संकेतांक नव्या नमुन्याच्या सातबारावर गावाच्या नावासोबत छापला जातो, तो याच गरजेपोटी. जमिनीच्या तुकड्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. भूमापन क्रमांकाचे हिस्से पडले की एकाचे अनेक होतात. एकत्रीकरण योजना राबवली गेलेल्या गावांत अनेक तुकडे जुळवून गट क्रमांक दिले गेले. रस्त्यासाठी किंवा तलावासाठी संपादन झाले की एका क्रमांकाचा मधला भाग सरकारकडे जाऊन दोन कडा उरतात. अशा वेळी जुना क्रमांक नव्या तुकड्याला देणे सोयीचे वाटते, पण त्यामुळे पूर्वीचा बोजा, म्हणजे कर्जाचा भार, कोणत्या तुकड्यावर होता हे कळेनासे होते. जुना क्रमांक बंद करावा, नवे सुरू करावेत, आणि कोणातून कोण निघाले याचा स्वतंत्र तक्ता ठेवावा. जमीन महसुलाच्या जुन्या रीतीत फाळणीचे तक्ते नेमके यासाठी होते.

मराठवाड्याच्या दप्तराने काळ, पैसा आणि क्षेत्र यांच्या बाबतीत जे भोगले आहे ते मुंबई इलाख्यातील दप्तराला तितकेसे भोगावे लागले नाही, आणि म्हणूनच ते अधिक शिकवणारे आहे. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. फसली वर्षात ५९० मिळवले की इसवी सन येतो असा ढोबळ हिशेब सर्रास केला जातो. परंतु हैदराबादेतील पोलीस कारवाईचा शेवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाला तेव्हा १३५७ फसली संपायचे होते, आणि त्या हिशेबाने ती घटना १९४७ मध्ये जाऊन पडते. फक्त फसली वर्ष दिलेल्या नोंदीसाठी संगणकात १ जानेवारी अशी तारीख भरणे म्हणजे नसलेली माहिती निर्माण करणे होय. मूळ कागदावर जे लिहिले आहे ते जसेच्या तसे एका रकान्यात ठेवावे, आणि त्यावरून काढलेला इसवी कालखंड, कधीपासून कधीपर्यंत असा, दुसऱ्या रकान्यात ठेवावा. चालू महसुली वर्षही १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे चालते, तर आर्थिक वर्ष एप्रिलपासून. तेव्हा वर्ष एवढाच शब्द असलेला रकाना कोणत्याही सरकारी प्रणालीत अपुरा आहे.

पैशाचेही तसेच. निजामी राज्यात हाली शिक्का चाले आणि विसाव्या शतकाच्या मध्यास त्याचा कलदार, म्हणजे भारत सरकारच्या, रुपयाशी भाव सात हालीस सहा कलदार असा होता. त्यानंतर १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले. आकाराची रक्कम चलनाचा उल्लेख न करता नुसती लिहिली असेल, तर ती हाली आहे की कलदार हे पुढच्या कारकुनाला तर्काने ठरवावे लागे. रक्कम आणि चलन, माप आणि एकक हे नेहमी जोडीने साठवावेत, हा नियम आज परदेशी ग्राहकांसाठी बिलांची प्रणाली लिहिणाऱ्या पुण्यातील विकासकालाही तितकाच लागू आहे.

क्षेत्रात तर चूक मोजून दाखवता येते. जुनी नोंद एकर-गुंठ्यांत असे, एका एकरात ४० गुंठे. नवी नोंद हेक्टर-आरमध्ये असते, एका हेक्टरात १०० आर, आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. समजा एका क्रमांकाचे क्षेत्र ५ एकर ७ गुंठे आहे आणि त्यात तीन भावांचे समान हिस्से आहेत. एकूण २०७ गुंठ्यांचे सुमारे २०९.४२ आर होतात, पूर्णांकात २०९; प्रत्येकाच्या ६९ गुंठ्यांचे ६९.८१ आर, पूर्णांकात ७०. आणि तिघांची बेरीज २१० भरते. एक आर जमीन कागदावर निर्माण झाली, आणि आकारबंदाशी मेळ तुटला. संगणकातील दशांश संख्यांचा फ्लोटिंग पॉइंट हा प्रकार, ज्यात अपूर्णांक जवळपास साठवले जातात, तो वापरल्यास अशा चुका आणखी बारीक होऊन दडून बसतात. क्षेत्र सर्वांत लहान एककात, उदाहरणार्थ चौरस मीटरमध्ये, पूर्णांक म्हणून ठेवावे, उरलेला शिल्लक भाग कोणाच्या वाट्याला घालायचा याचा नियम लिहून ठरवावा, आणि हिस्स्यांची बेरीज एकूण क्षेत्राइतकी असल्याशिवाय ट्रान्झॅक्शन पूर्णच होऊ नये अशी अट डेटाबेसमध्ये घालावी.

आता उतरवण्याच्या क्षणांकडे वळता येते. कागदी सातबाराची मुदत साधारण दहा वर्षांची असे, त्यानंतर त्याचे पुनर्लेखन होई, आणि जुन्या वहीतून नव्या वहीत आणताना इतर हक्कांतील एखादा बोजा, एखादे कूळ, विहिरीतील एखादा हिस्सा वगळला जाण्याचा धोका असे. संगणकीकरण हे या दृष्टीने आजवरचे सर्वांत मोठे पुनर्लेखन होते. केंद्राने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेख संगणकीकरणाची प्रायोगिक योजना देशातील आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यात महाराष्ट्रातील वर्धा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि पुढे त्याचे नाव डिजिटल इंडियाशी जोडले गेले. राज्यात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातील चमूने तयार केलेल्या प्रणाली वापरात आल्या. आधी तालुक्याच्या कचेरीतील संगणकावर आणि नंतर एकत्रित राज्य डेटाकेंद्रात, असा हा साठा सरकत गेला.

या टप्प्यावर देवनागरीचा प्रश्न उभा राहिला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोलाचे काम केले, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की या संकेतप्रणालीचे मानक प्रसिद्ध केले. परंतु प्रत्यक्षात अनेक कचेऱ्यांत अक्षरे विशिष्ट फॉन्टच्या खुणांवर साठवली जात होती, म्हणजे फॉन्ट नसला की मजकूर निरर्थक चिन्हांचा पुंजका होई. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीकडे जाताना तोच मजकूर पुन्हा एकदा उतरवावा लागला. मराठी विकासकाने येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘कऱ्हाड’ किंवा ‘कुऱ्हाडे’ यांतील र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकदा स्वतंत्र अक्षरखूण वापरून आणि एकदा साध्या र-ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराचेही तेच. तेव्हा मजकूर साठवण्यापूर्वी एका ठरलेल्या रूपात आणावा, आणि शोधासाठी वेगळा रकाना करून त्यात ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार यांचे भेद सैल करावेत. मूळ रकान्यातील लेखन मात्र कागदावर होते तसेच राहू द्यावे, कारण न्यायालयात तेच लागते.

संगणकावरील सातबारा आणि हस्तलिखित सातबारा यांत तफावत आढळू लागल्यावर राज्याने जी दुरुस्ती मोहीम हाती घेतली, ती एडिट आणि रि-एडिट या नावांनी तलाठ्यांच्या तोंडी बसली आहे. तिच्यात संगणकीय सातबारा छापून मूळ हस्तलिखिताशी ताडला गेला, गावात चावडीवाचन झाले, म्हणजे खातेदारांसमोर नोंदी वाचून हरकती घेतल्या गेल्या, आणि काम पूर्ण झाल्याची घोषणापत्रे देण्यात आली; त्यानंतरच हस्तलिखित सातबारा बंद झाला. माहिती एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेण्याच्या कामाबद्दल यापेक्षा चांगला धडा पाठ्यपुस्तकांत सहसा मिळत नाही. काही काळ दोन्ही नोंदी समांतर ठेवाव्यात, यंत्राने क्षेत्रांच्या बेरजा ताडाव्यात, पण नावांची आणि हक्कांची खातरजमा ज्यांची ती माहिती आहे त्यांच्याकडून करून घ्यावी, आणि जुनी वही बंद करण्याचा निर्णय लेखी, तारखेसह आणि जबाबदार व्यक्तीच्या स्वाक्षरीने व्हावा. विकासकांकडे यातील पहिली दोन पावले घेण्याची सवय असते; तिसरे पाऊल खर्चिक म्हणून वगळले जाते, आणि नेमक्या त्याच जागी नंतर तक्रारी उगवतात.

ई-फेरफार या प्रणालीने पुढे फेरफाराची जुनी प्रक्रियाच वेबवर आणली. दुय्यम निबंधकाकडे आय-सरिता या प्रणालीत खरेदीखत नोंदले की त्याची माहिती तहसीलकडे जाते आणि तिथून फेरफाराची कार्यवाही सुरू होते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा मिळू लागला, आणि पुढे तो कोणालाही पंधरा रुपये भरून घरबसल्या काढता येऊ लागला. दोन स्वतंत्र खात्यांच्या प्रणाली अशा जोडल्या की एकीने पाठवलेला संदेश दुसरीला दोनदा मिळण्याची, किंवा मिळूनही पोच परत न जाण्याची, शक्यता कायम असते. प्रत्येक संदेशाला पाठवणाऱ्यानेच एकमेव क्रमांक द्यावा आणि घेणाऱ्याने तो आधी येऊन गेला असल्यास दुसरा फेरफार न घेता पहिल्याचाच निकाल परत द्यावा. उतारा काढताना पैसे भरण्याचे बटण दोनदा दाबले गेले तरी रक्कम एकदाच कापली जावी, हाही त्याच नियमाचा भाग आहे. संपर्क तुटणे हा ग्रामीण भागात अपवाद नसून रोजचा अनुभव आहे, आणि तो गृहीत धरूनच रचना करावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या मोबाइल उपयोजनात शेतकऱ्याने शेतात उभे राहून घेतलेले पिकाचे छायाचित्र आणि स्थान फोनवर साठवून संपर्क मिळाल्यावर पाठवण्याची सोय आहे, ती त्यामुळेच. नमुना बारा पूर्वी तलाठी लिहीत असे, आता तो खातेदार स्वतः लिहितो. लिहिणारा बदलला की चुकांचे स्वरूपही बदलते, म्हणून भरलेली माहिती ठरावीक मुदतीत स्वतः दुरुस्त करण्याची सवलत आणि त्यानंतर अधिकाऱ्याची तपासणी असे दोन टप्पे ठेवणे योग्यच होय.

नोंद कोणत्या कामासाठी वापरली जाईल हे ती लिहिणाऱ्याला कधीच पूर्ण ठाऊक नसते, याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठवाड्यानेच अलीकडे दिले. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समिती नेमली गेली आणि शिक्षण व नोकरीतील आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी खासरा पत्रके, पाहणी पत्रके आणि कुळांच्या नोंदवह्या बाहेर निघाल्या. सारा वसूल करण्यासाठी आणि जमीन कसणारा कोण हे ठरवण्यासाठी लिहिलेल्या त्या कागदांतील एखादा शब्द पणतूच्या शिक्षणाशी आणि नोकरीशी जोडला गेला, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची गरज जिल्ह्याजिल्ह्यांत भासली. पूर्वी एखाद्या कारकुनाने नवी वही लिहिताना अनावश्यक वाटलेला रकाना गाळला असेल, तर त्या कुटुंबापुरता पुरावा तिथेच संपला. म्हणून जुन्या कागदांवर आधारलेला डेटाबेस उभारताना प्रत्येक ओळीला तिच्या मूळ पानाच्या प्रतिमेशी, पृष्ठक्रमांकासह, जोडून ठेवावे. लिप्यंतर कोणी केले आणि कोणत्या शब्दाविषयी त्याला शंका होती हे नोंदवावे. आणि आजच्या पडद्यावर ज्याची गरज नाही असा मजकूरही वगळू नये.